लेड नायट्रेटच्या प्रॅक्टिकलची तयारी

सुरुवात शेवटापासून करा. लेड नायट्रेट हा शिशाचा विषारी क्षार; त्याची बाटली कपाटातून बाहेर काढण्याआधी रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन बेसिनशेजारी ठेवा आणि त्यावर जाड मार्करने लिहा : ‘शिशाचा कचरा, विषारी, बेसिनमध्ये ओतू नये’. कॅन समोर नसेल तर मुलं परीक्षानळी थेट नळाखाली धरणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

मग हिशेब. 30 मुलं, प्रत्येकाला 5 मिलि, म्हणजे 150. सांडलवंड धरून 200 मिलि पुष्कळ झालं. 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) द्रावणाला 6.62 ग्रॅम लेड नायट्रेट लागेल. ‘लिटरभर करून ठेवू, पुढच्या बॅचलाही होईल’ असा विचारच नको. जेवढं विष विरघळवाल तेवढं नंतर निस्तरायचं आहे. जोडीला पोटॅशियम आयोडाइडचं 0.2 मोलर द्रावण तेवढंच करा, त्याचे 6.64 ग्रॅम. दोन्ही क्षार पांढरे, वजनंही जवळपास सारखी, त्यामुळे बीकरवर लेबलं आधी चिकटवा आणि मग वजन करा.

पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइड-सल्फेटमुळे द्रावण दुधाळ होतं. डिस्टिल्ड पाण्यातही किंचित गढूळ दिसलं तर विरल नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका.

वजन करताना पंखा बंद. स्फटिक जसे आहेत तसेच घ्या, खलात कुटू नका. विरघळतात ते सहज, आणि भुकटी उडाली की नाकातोंडात जाते. नायट्राइल हातमोजे, गॉगल, अ‍ॅप्रन तर हवेतच. तराजूभोवती सांडलेले कण झाडू किंवा फुंकर न मारता ओल्या टिश्यूने टिपा. तो टिश्यू शिशाच्या कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत. पिपेटला रबरी फुगा लावा, तोंडाने ओढणं बंद. डबे आणि पाण्याच्या बाटल्या वर्गाबाहेर. शेवटी हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरने शिसं जात नाही.

एवढी काळजी कशाला, असं कोणीतरी विचारेलच. शिसं शरीरात साठतं, हाडांत तर वर्षानुवर्षं राहतं. मेंदू, मूत्रपिंड, रक्त, सगळ्यांवर परिणाम होतो, मुलांवर जास्त. गर्भापर्यंतही पोहोचतं, म्हणून गरोदर शिक्षिकेकडे किंवा मदतनिसाकडे हे काम देऊच नका. कोणाच्या पोटात गेलंच तर दूध-तूप पाजत बसू नका. बाटलीच्या लेबलचा फोटो घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. डोळ्यात गेलं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, मग डॉक्टर.

प्रयोग मात्र देखणा आहे. लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब पडताच पिवळाधमक अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका. त्यातला थोडासा भरपूर पाण्यात उकळून विरघळवा आणि हळूहळू थंड होऊ द्या, म्हणजे सोनेरी चकत्या चमकत खाली येतात; त्यासाठी एक मोठी परीक्षानळी आणि गरम पाण्याची सोय आधीच करा. आयोडाइड फार जास्त पडलं तर अवक्षेप परत विरघळतो, हे मुलांना सांगून ठेवा. लेड नायट्रेट तापवण्याचा दुसरा प्रयोग फ्यूम कबर्ड (विषारी धूर बाहेर ओढून टाकणारं कपाट) नसेल तर सरळ व्हिडिओवर दाखवा. स्फटिक तडतडून उडतात, नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर निघतो, आणि मागे उरलेला पिवळसर लेड ऑक्साइड काचेला असा चिकटतो की नळी टाकूनच द्यावी लागते.

प्रयोगशाळेबाहेर हे रसायन क्रोम यलो रंगद्रव्य बनवायला आणि सायनाइडने सोनं काढताना वापरतात. पूर्वी आगपेट्यांतही होतं, कारण ते ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे जळणाला ऑक्सिजन पुरवतं.

बाटली परत ठेवताना नेमकं हेच विसरलं जातं. कपाट इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेलं असलं की लेड अ‍ॅसिटेट आणि लेड नायट्रेट शेजारी येतात : एक सेंद्रिय क्षार, दुसरा आग भडकवणारा. दोन्ही विषारी, पण फळी वेगळी हवी. नायट्रेटची बाटली घट्ट बंद करून कोरड्या, थंड, कुलूपबंद कपाटात, खालच्या फळीवर ठेवा. गंधक, कोळशाची पूड, साखर, स्पिरिट, रद्दी यांपासून लांब. रजिस्टरमध्ये काढलेले ग्रॅम आणि शिल्लक त्याच दिवशी लिहा.

कॅनमधल्या द्रवात सोडियम सल्फेटचं द्रावण घाला, विरघळलेलं शिसं बहुतांश पांढऱ्या सल्फेटच्या रूपात तळाशी बसेल. तरीही वरचं पाणी ओतायचं नाही. कॅन भरत आला की संस्थेमार्फत घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत.