समाजशास्त्रात पीएच.डी. करायचीय? एम.ए.तच विषय धरा

ठाणे-नवी मुंबईकरांना जवळची ठिकाणं दोन. मुंबई विद्यापीठाचा कलिना कॅम्पसवरचा विभाग (१९१९ चा, पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केलेला) आणि देवनारची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). एकीसाठी कुर्ल्याला उतरायचं, दुसरीसाठी गोवंडीला. एम.ए. दोन वर्षांचं, त्यात ५५ टक्के हवेतच, राखीव प्रवर्गाला ५०. कमी पडले की नेट (प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अडते आणि पीएच.डी.ही.

नेटला एम.ए.च्या शेवटच्या वर्षातच बसता येतं. १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. सेटवर (राज्याची पात्रता परीक्षा) प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप नाही.

बहुतेकांची गाडी अडते ती विषयावर. ‘नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांचे सामाजिक जीवन’ असं लिहून दिलंत तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गडबडाल, कारण त्यात शोधायचं काय तेच नाही. तोच विषय असा आवळा: नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला भूखंड आला, तेव्हा घणसोलीतल्या आगरी घरांत बहिणींच्या वाट्याचं काय झालं? आता गाव ठरलं, कागद ठरले, कोणाला भेटायचं तेही ठरलं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी यातल्याच सात-आठ मुलाखती करून बघा. नगरसेवकाच्या ओळखीने जाऊ नका. सिडकोचा सर्व्हे समजून लोक सरकारी उत्तरं देतात. ‘बहिणीला वाटा दिला का?’ विचारलं की ‘दिला की!’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी हक्कसोडपत्रावर (वाटा सोडल्याच्या कागदावर) सही कधी झाली, कुठे झाली, तेव्हा समोर कोण होतं, हे विचारा. भावांच्या देखत बहिणी बोलत नाहीत, त्यांना त्यांच्या सासरी गाठा. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास सहज जातात, आणि ते साठवून ठेवलं की कधीच उतरत नाही. आगरी बोली आहे तशीच लिहा. प्रमाण मराठीत ‘सुधारलेली’ मुलाखत कामाची राहत नाही.

गाइड मोठ्या नावावरून निवडू नका. आधी जागा विचारा: प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. कोर्सवर्क (पीएच.डी.च्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) किमान १२ क्रेडिटचं. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, पण फेलोशिप तोवर संपलेली असते.