शाईच्या पेन्सिलींनी कापड रंगवताना
डरवेंट इंकटेन्ससारख्या पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या पेन्सिली कापडावर वापरायच्या असतील, तर सुती कापड आधी धुऊन खळ काढा. खळ असली की शाई धाग्यात नीट मुरत नाही. नुसतं पाणी लावलं तर रंग रेषेबाहेर पसरतो. त्याऐवजी ब्रश कोरफडीच्या जेलमध्ये किंवा फॅब्रिक मीडियममध्ये (रंग कापडावर नीट बसावा म्हणून वापरायचं द्रावण) बुडवा, कडा बऱ्याच नेटक्या राहतात. पेन्सिलीचा प्रत्येक फराटा मात्र पुरता ओला झालाच पाहिजे. कोरडा राहिलेला रंग पक्का होत नाही, पुढे पाणी लागलं की विरघळतो आणि शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर उतरतो (तुकडे जोडून क्विल्ट, म्हणजे गोधडी, शिवून झाल्यावर हे दिसलं की जीव चुटपुटतो). पूर्ण वाळल्यावर वर साधं कापड ठेवून इस्त्री फिरवा. आणि हो, हे सगळं आधी एखाद्या चिंधीवर करून, धुऊन बघा.