रेडिएशननंतरच्या एमआरआयमध्ये ‘नवा डाग’ दिसला, तर काय तपासावं?

मेंदूच्या गाठीसाठी रेडिएशन झालेल्या मुलांच्या पालकांसाठी हे. एमआरआयआधी उपाशी ठेवणं, भूल, कॉन्ट्रास्टची (चित्रात चमकणाऱ्या औषधाची) सुई हे सगळं पालकांना एव्हाना पाठ असतं, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. फक्त डोक्यात प्रोग्रॅम करता येणारा शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असेल, तर स्कॅन झाल्यावर त्याच दिवशी व्हॉल्व्हचं सेटिंग तपासून घ्या. काही व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने बदलतं.

सगळ्या स्कॅनच्या सीडी जपा. छापील फिल्मवरून तुलना धड होत नाही. शक्यतो दर वेळी एकाच मशीनवर, त्याच सिक्वेन्सनी (चित्र घेण्याच्या पद्धतींनी) स्कॅन करा.

फाइलमध्ये बहुधा नसतो तो डोसचा रंगीत नकाशा, म्हणजे कुठल्या भागाला किती रेडिएशन गेलं त्याचं चित्र. रेडिएशन विभागाकडून तो, आणि उपचार संपल्याची तारीख, लेखी मागून घ्या. मेड्युलोब्लास्टोमात (लहान मेंदूतली घातक गाठ) सगळ्या मेंदू-मणक्याला साधारण २३.४ किंवा ३६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) आणि मूळ जागेला एकूण ५४ ग्रेच्या आसपास डोस जातो. ‘पूर्ण डोक्याला रेडिएशन दिलं’ एवढ्या माहितीवर डागाचा अर्थ लावता येत नाही.

खरी अडचण पहिल्या सहा महिन्यांतल्या डागाची. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागल्या की तिथे कॉन्ट्रास्ट चमकतो. गाठीच्या वाहिन्या झिरपतात आणि रेडिएशनने दुखावलेल्याही झिरपतात. म्हणून नुसतं चमकणं, भोवतीची सूज, अगदी आकार वाढणं हासुद्धा गाठ परतल्याचा पुरावा नव्हे. काही न करता हे बदल ओसरू शकतात. त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. कमी तीव्रतेच्या ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) अशी सूज वर्षभर किंवा त्याहून जास्तही रेंगाळते.

डाग डोसच्या नकाशावर ठेवून बघा. डोसच्या बाहेर असेल, तर संशय थेट गाठीवर. आत असेल, तर प्रश्न खुला राहतो. ‘आत आहे म्हणजे रेडिएशनचाच’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चूक आहे. एपेन्डिमोमा (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या अस्तराची गाठ) तर बहुतेकदा मूळ जागीच उलटतो. प्रोटॉन उपचार (क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन) झाला असेल (खारघरला टाटाच्या केंद्रात तो आता मिळतो), तर किरण जिथे थांबतात त्या कडेला, विशेषतः मेंदूच्या देठात, काही महिन्यांनी बारीक ठिपके चमकलेले दिसू शकतात.

तुलना फक्त मागच्या स्कॅनशी नको. रेडिएशननंतरचा पहिला स्कॅनही शेजारी उघडायला सांगा. सावकाश वाढणारी गाठ दोन लागोपाठच्या रिपोर्टांत ‘विशेष बदल नाही’ म्हणून सुटून जाते.

परफ्युजन (रक्तपुरवठा मोजणारा एमआरआय) जरूर करा. रेडिएशनने मेलेल्या भागात रक्तपुरवठा सहसा कमी, वाढत्या घातक गाठीत जास्त. पण शस्त्रक्रियेच्या जागचं जुनं रक्त आणि शंटचा धातू हा आकडा बिघडवतात. साध्या एफडीजी पेटवर (पेशी किती साखर खातात ते दाखवणारा स्कॅन) फार विसंबू नका. मेंदू मुळातच साखर खातो, त्यात लहानसा डाग हरवतो. यातली कुठलीही एक तपासणी एकटी निकाल देत नाही.

स्कॅनच्या फॉर्मवर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा चालू डोस लिहाच. स्टिरॉइडने चमक आणि सूज दोन्ही उतरतात. डोस वाढवल्यावर ‘सुधारणा’ दिसते, कमी केल्यावर ‘वाढ’. बेव्हासिझुमॅबने (वाहिन्यांची वाढ आणि झिरपणं रोखणारं औषध) तर चमक पार विझू शकते आणि गाठ फ्लेअर सिक्वेन्सवर (सूज पांढरी दाखवणारं एमआरआय चित्र) पसरतच राहते.

मूल बरं असेल, तर सहसा सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. एका स्कॅनवरून नवी केमो किंवा दुसरं ऑपरेशन ठरत असेल, तर आधी ट्यूमर बोर्डचं (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीचं) मत घ्या. मात्र सकाळच्या उलट्या, तिरळेपणा, तोल जाणं, गिळायला त्रास, गुंगी यातलं काही नव्याने दिसलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रेडिएशनची सूजसुद्धा धोकादायक असते.

पुढच्या वर्षांतलं बरंच सोपं. फ्लेअरवर दोन्ही बाजूंचा पांढुरका पट्टा, एसडब्ल्यूआय या रक्ताच्या खुणा दाखवणाऱ्या सिक्वेन्सवर काळे ठिपके (सूक्ष्म रक्तस्राव) हे बहुधा नुसतं नोंदवून ठेवायचं. टी-वन सिक्वेन्सवर मणके उजळ दिसले, तर हाडाच्या मज्जेची चरबी झालेली असते. पिट्युटरी किंवा दृष्टीच्या नसांजवळ रेडिएशन झालं असेल, त्यातही न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) असेल, तर एमआर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) मागा. तिथल्या मोठ्या वाहिन्या हळूहळू अरुंद होतात आणि हात-पाय थोडा वेळ लुळा पडून पूर्ववत होणं ही त्याची पहिली खूण असू शकते. ‘आता दहा वर्षं झाली, स्कॅन पुरे’ असं कुणी म्हणालं, तर मेनिन्जिओमाचं (मेंदूच्या आवरणाच्या गाठीचं) विचारा. रेडिएशनमुळे होणारी ही दुसरी गाठ त्यानंतरही येते.