रॅली गेममध्ये तंद्री लागायची असंल तर आधी कान उघडा

डर्ट रॅली २.० नाहीतर ईएची डब्ल्यूआरसी असल्या रॅली गेम खेळताना कधीकधी असं होतं की स्टेज, म्हणजे घड्याळ लावून पळायचा रस्त्याचा एक तुकडा, संपते आणि आपण कुठं ब्रेक मारला, कुठं हँडब्रेक ओढला काय आठवतच नाही. त्यालाच फ्लो म्हणतात. ओढून आणता येत नाही, पण जमवून आणता येतो की.

आधी कार. सगळी पोरं थेट ग्रुप बी, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या लई ताकदवान रॅली कार, घेऊन बसतात, कशाला रे? मिनी नाहीतर लॅन्शिया फुल्विया असल्या जुन्या छोट्या कार घ्या, ताकद कमी, त्यामुळं विचार करायला टाइम मिळतो. फ्लोवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय हेच सांगायचे, की आव्हान आणि कसब सारखं पाहिजे, लई सोपं झालं की कंटाळा, लई अवघड झालं की टेन्शन. कंटाळा आला की मग पुढची कार.

आता मेन गोष्ट, को-ड्रायव्हर, म्हणजे शेजारी बसून पुढची वळणं आधीच सांगणारा. तो सांगतो त्याच नोट्स. बहुतेक जण नुसतं डोळ्यानं चालवतात, वळण दिसलं की दचकून ब्रेक, आणि तंद्री तुटते ती तिथंच. नोट्समध्ये १ म्हणजे लई टाइट आणि ६ म्हणजे जवळजवळ सरळ. 'लेफ्ट फोर टाइटन्स थ्री' (डावीकडं चार नंबरचं वळण, पुढं तीनइतकं टाइट होतं) कानावर पडतं तेव्हा तुम्ही अजून अलीकडच्या वळणात असता, म्हणजे हात या वळणात आणि डोकं पुढच्या, आणि हे दोन्ही एकदम चालायला लागलं की उद्याचा पेपर, ऑफिसचा फोन असलं काय डोक्यात शिरायला जागाच राहत नाही. पावसाळ्यात जांबोटीवरनं चोर्ला घाट उतरताना धुक्यात काय दिसत नसतं, शेजारचा दोस्त "डावीकडं हाय बघ, दाबू नको" म्हणतो आणि आपण त्याच्यावर सोडून देतो, तसा भरवसा त्या आवाजावर बसला पाहिजे. (घाटात मात्र हळूच चालवा बाबांनो.)

भरवसा बसायला एकच उपाय, मुद्दाम सावकाश चालवायचं. नोट उशिरा येते असं वाटलं तर सेटिंगमध्ये ती लवकर येईल असं करा. इंजिनचा आवाज कमी, को-ड्रायव्हरचा जास्त, आणि हेडफोन पाहिजेच, नाहीतर आतनं "चहा झालाय, ये की" ऐकू येतं आणि हेअरपिन, म्हणजे पार उलटं फिरणारं वळण, हुकतं.

स्टेज लांब घ्या, दहा किलोमीटरच्या पुढची, छोटीत डोकं लागेपर्यंत फिनिश येतो. डर्ट २.० मध्ये न्यूझीलंड बेस्ट, रस्ता रुंद आणि वळणं एकातनं एक निघतात. अर्जेंटिनात दगड आणि अरुंद रस्ता, ते नंतर.

गाडी घासली तरी रिस्टार्ट नको, तशीच न्या. आणि स्प्लिट टाइम, म्हणजे मधेच दिसणारी आपण किती मागं-पुढं ती वेळ, स्क्रीनवरनं काढून टाका, तो लाल आकडा दिसला की माणूस रस्ता सोडून घड्याळाशी भांडायला लागतो.