कॅन्सर संशोधकाची पेपरांची यादी कशी वाचावी

मी वैद्यकीय ग्रंथालयात काम करते. पीएचडीसाठी गाईड शोधणारी मुलं, निवड समितीवरचे प्राध्यापक, कधी एखाद्या रुग्णाचे नातेवाईकही येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "यांचा एच-इंडेक्स किती?" (एच-इंडेक्स 10 म्हणजे निदान दहा सायटेशन्स मिळालेले दहा पेपर; सायटेशन म्हणजे दुसऱ्या पेपरात घेतलेला उल्लेख.) तो आकडा मी शेवटी काढते. (नातेवाइकांना आधीच सांगून टाकते, की सायटेशनवरून उपचार कसे करतात ते कळत नाही.)

सुरुवात नावापासून करा. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत आधी आडनाव, मग आद्याक्षरं टाकली की एकाच नावाच्या चार माणसांचे पेपर एकत्र येतात. त्यात एखादा हृदयरोगतज्ज्ञही निघतो. म्हणून त्या व्यक्तीचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाची स्वतंत्र ओळख) मिळतो का बघा, आणि संस्था व विषय जुळवून यादी गाळून घ्या. गुगल स्कॉलरचं प्रोफाइल बघायला सोपं, पण ते संशोधक स्वतः उघडतो आणि त्यात परक्यांचे पेपर आपोआप येऊन चिकटतात. शिवाय तिथे प्रबंध आणि प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) यांतली सायटेशन्सही धरली जातात, त्यामुळे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसपेक्षा आकडा बहुधा फुगलेला दिसतो. दोन संशोधकांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

मग लेखकांच्या ओळीत त्यांचं नाव कुठे आहे ते पाहा. प्रयोगशाळेतल्या कामात पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. मोठ्या क्लिनिकल ट्रायलमध्ये मधली नावं ढिगानं असतात; त्यातली काही रुग्ण नोंदवून देणाऱ्या केंद्रांची असतात. ते काम मोलाचं आहेच, पण कल्पना त्यांची होती असं त्यावरून ठरत नाही. तरुण संशोधक कालांतराने पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेकडे सरकलेला दिसला, तर त्याची स्वतःची लॅब उभी राहिली असं मी समजते.

आता पेपरचा प्रकार. इथेच बहुतेक जण फसतात. कॅन्सरविषयात सर्वाधिक सायटेशन्स मिळवणाऱ्यांत आकडेवारीचे आणि आढावा घेणारे पेपर पुढे असतात. जगभरातल्या रुग्णसंख्येचे ग्लोबोकॅनचे अंदाज जवळजवळ प्रत्येक जण प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात देतो, म्हणून त्या पेपरांची सायटेशन्स हजारोंनी वाढतात. हॅनाहॅन आणि वाइनबर्ग यांचा कॅन्सरच्या ठळक वैशिष्ट्यांवरचा 2000 सालचा 'सेल' या नियतकालिकातला लेखही आढावाच होता. 2011 मध्ये त्यांनी तो नव्याने मांडला. विचारांना वळण लावणारा लेख, यात वाद नाही. पण आढावे बाजूला ठेवून स्वतःच्या प्रयोगांचे पेपर किती उरतात, हे मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवला. समजा, पाच पेपरांना 90, 40, 12, 4 आणि 3 सायटेशन्स आहेत. निदान चार सायटेशन्स असलेले पेपर चार, म्हणून एच-इंडेक्स 4. आता 90 च्या जागी 9000 लिहा. उत्तर तेच, 4! हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून वयाने ज्येष्ठ असणाऱ्याला तो आयताच झुकतं माप देतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरांमागे सरासरी सायटेशन्स, तर नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे. तो इथे सोडून द्या. पेपर स्वतःच्या क्षेत्रात कसा चालला ते बघायचं असेल तर आयसाइट हे मोफत साधन वापरा. तिथलं सायटेशनचं गुणोत्तर 1 म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीतून झालेल्या पेपरांच्या मध्यकाइतकं.

यानंतर तीन पेपर निवडा आणि त्यांना कोण, कशासाठी उद्धृत करतं ते वाचा. अर्धा दिवस जातो, पण मला सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. तीच लॅब स्वतःला उद्धृत करते का? दुसऱ्या कुणी पद्धत वापरून तसाच निष्कर्ष काढला का? की खोडून काढण्यासाठी नाव घेतलंय? मोजणीत तिन्ही सारखेच धरले जातात. ड्यूक विद्यापीठातून 2006 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक पेपर आला: गाठीतल्या जनुकांवरून कोणती केमोथेरपी लागू पडेल ते सांगता येतं, असा दावा. बॅगर्ली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे तपासले, तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली. त्या दाव्यावर रुग्णांच्या ट्रायलही सुरू झाल्या होत्या. पेपर 2011 मध्ये मागे घेतला गेला. सायटेशनच्या नुसत्या आकड्यात यातलं काहीही दिसलं नसतं.

म्हणून संशोधकाचं नाव रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीत आणि पबपीअरवर (तिथे वाचक छापून आलेल्या पेपरांवर शंका मांडतात) टाकून बघाच. मागे घेतलेला पेपर एखादा असला तर कारण वाचा. स्वतःहून चूक कळवून मागे घेणाऱ्याविषयी माझं मत उलट चांगलं होतं.

शेवटी एच-इंडेक्स टिपून घ्या. शेजारी कुठून घेतला ते आणि तारीख लिहा, कारण समितीची बैठक होईपर्यंत तो बदललेला असू शकतो.