आधी उडी मोजा, मग लेव्हल बांधा

थ्रीडी प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, करत असाल तर लेव्हलचं काम नकाशापासून सुरू करू नका, कॅरेक्टरपासून करा. धावण्याचा वेग, उडीची उंची आणि उडीची लांबी हे तीन आकडे पक्के नसतील तर बांधलेली प्रत्येक भिंत पुन्हा हलवावी लागते. प्रोग्रामरने मध्येच गुरुत्वाकर्षण थोडं वाढवलं की कालपर्यंत जमणाऱ्या उड्या आज जमत नाहीत, आणि खापर लेव्हलवर फुटतं.

आकडे काढायला शाळेतलं गणित पुरतं. समजा धावण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर, उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला ८ मीटर आणि गेममधलं गुरुत्वाकर्षण २० आहे. (खरं ९.८१ ठेवलं तर उडी तरंगल्यासारखी वाटते, म्हणून ते मुद्दाम वाढवतात.) उंची म्हणजे उडीच्या वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट: ६४ भागिले ४०, म्हणजे १.६ मीटर. हवेतला वेळ म्हणजे उडीच्या वेगाची दुप्पट भागिले गुरुत्वाकर्षण: १६ भागिले २०, म्हणजे ०.८ सेकंद. त्याला ६ ने गुणलं की सपाटीवरची उडी ४.८ मीटर. पण पलीकडचा प्लॅटफॉर्म १ मीटर उंच असेल तर हवेत जेमतेम ०.६४ सेकंद मिळतो आणि तीच उडी ३.९ मीटरच्या आत संपते. वरून काढलेल्या नकाशात ही दोन अंतरं सारखीच दिसतात. खेळताना मात्र एक पार होतं आणि दुसऱ्यात माणूस खाली पडत राहतो.

त्यात कडा सुटल्यावरही क्षणभर उडी मारता यावी म्हणून सवलत देतात, तिला कायोटी टाइम म्हणतात. ती ०.१ सेकंदाची असेल तर लांबीत आणखी ०.६ मीटर मिळतात, म्हणजे ४.८ ची उडी ५.४ वर जाते. ही सवलत लेव्हल बांधून झाल्यावर घातली, तर ‘इथून जाता येणार नाही’ म्हणून सोडलेली ५ मीटरची दरी लोक सहज ओलांडतात आणि अर्धी लेव्हल वगळून पुढे निघतात. म्हणून ती पहिल्याच आठवड्यात ठरवा.

गणित झालं तरी खरा आकडा गेम इंजिनमध्येच (युनिटी, गोडो, अनरिअल यांसारख्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोजायचा, कारण कॅरेक्टरभोवतीच्या अदृश्य कॅप्सूलचा गोल तळ कडेवर कसा टेकतो यावर थोडाफार फरक पडतो. त्यासाठी एक वेगळा सीन, म्हणजे इंजिनमधली वेगळी फाइल, करा. त्याला जिम म्हणतात. त्यात हे ठेवा:

- २ ते ७ मीटरपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मीटरने वाढणाऱ्या दऱ्या
- ०.२५ ते २.५ मीटर उंचीचे ठोकळे
- १५, ३०, ४५ आणि ६० अंशांचे उतार
- १, १.५ आणि २ मीटर रुंद दारं

प्रत्येक दरीवर दहा-दहा उड्या मारा. सवलतीसह जी सर्वात लांब उडी दहापैकी दहा वेळा जमते, ती तुमची कमाल उडी. तिच्या ६० टक्क्यांपर्यंतचं अंतर सोपं, ७५ टक्के मध्यम आणि ९० टक्के अवघड. त्यापुढे थेट न ओलांडायच्या दऱ्या, कमाल उडीच्या सव्वापट. मधला पट्टा पूर्ण मोकळा सोडा, कारण ‘जमेल की नाही’ अशा अंतरावर खेळणारा वीस वेळा मरतो आणि मग गेम बंद करतो. उंचीलाही असाच मोकळा पट्टा ठेवा: १.६ मीटर उडी असेल तर चढायच्या कडा १.२ पर्यंत आणि न चढायच्या २ मीटरच्या पुढे. हे आकडे टीमच्या फोल्डरमध्ये एका पानावर लिहून ठेवा आणि सगळ्यांना विचारल्याशिवाय कोणी बदलायचे नाहीत.

मोजमापाचं एकक पहिल्याच दिवशी तपासा. युनिटी आणि गोडोमध्ये १ युनिट म्हणजे १ मीटर, अनरिअलमध्ये १ सेंटिमीटर. बाहेरून आणलेलं मॉडेल शंभरपट मोठं किंवा लहान दिसलं तर घोळ बहुधा इथेच असतो.

आता कागद. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे २ मीटर धरा. आधी लेव्हलचे पाच-सहा प्रसंग एकेका वाक्यात लिहा: ‘हलता प्लॅटफॉर्म पहिल्यांदा दिसतो, खाली पडलं तरी मरत नाही’, ‘तोच प्लॅटफॉर्म, आता खाली काटे’. ज्या प्रसंगाचं एक वाक्य होत नाही, तो अजून तयार नाही. कागदावर अर्ध्या तासापेक्षा जास्त रेंगाळू नका. उंची कागदावर कळत नाही.

मग ग्रेबॉक्स, म्हणजे साध्या ठोकळ्यांची कच्ची लेव्हल. युनिटीत प्रोबिल्डर, गोडोत सीएसजी नोड, अनरिअलमध्ये मॉडेलिंग मोड, काहीही चालेल. ग्रिड स्नॅप (ठोकळे ठरावीक अंतरावरच बसवणारी सोय) १ मीटरवर ठेवा, बारीक कामाला अर्धा. स्नॅप बंद करून ठेवलेले ठोकळे किंचित वरखाली राहतात आणि धावताना कॅरेक्टर त्या सांध्यांवर अडखळतं. रंग चारच: जमीन करडी, चढायच्या कडा निळ्या, जीवघेणं ते लाल, शेवट हिरवा. कॅमेरा मागून येणारा असेल तर खऱ्या घराची मापं वापरू नका. दार २ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, वाट किमान ३ मीटर आणि छत ४ मीटरच्या वर ठेवा, नाहीतर कॅमेरा भिंतीत शिरतो किंवा कॅरेक्टरच्या डोक्याला चिकटतो.

या टप्प्यावर टेक्स्चर, गवत, धुकं काहीही नको. सजवलेली खोली पाडायला कोणाचाच हात धजत नाही, आणि ग्रेबॉक्स असतो तो पाडण्यासाठीच.

दोघांनी एकच सीन एकाच वेळी बदलला की गिटमध्ये (फाइलींचे बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, बिघडतं. लेव्हलचे तीन-चार सीन करा, प्रत्येकाचा एकच मालक ठरवा. युनिटी प्रत्येक फाइलसोबत बनवते ती मेटा फाइल गिटमध्ये कमिट करायला (नोंदवायला) विसरू नका, नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर संदर्भ तुटतात. अनरिअलचे मॅप बायनरी असतात, ते मर्ज होतच नाहीत, म्हणून एका वेळी एकालाच बदलता येईल असा लॉक लावूनच काम करा.

ग्रेबॉक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता आला की लगेच टीमबाहेरच्या पाच जणांना एकेक करून बसवा. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि मागे गप्प उभे राहा. ‘डावीकडे बघ’ एवढं जरी बोललात तरी ती चाचणी वाया गेली. तीनच गोष्टी टिपा: कुठे दहा सेकंदांहून जास्त थांबले, कुठे मेले, कुठून मागे वळले. तिघे एकाच जागी अडले तर पाटी लावण्याआधी ती जागा बदला: पुढची वाट उजळ करा, आडवी भिंत कापा किंवा शेवट आधीच दूरवर दिसू द्या. नुसतं मरणं वाईट नाही. मेल्यावर पंधरा सेकंद तीच वाट पुन्हा चालावी लागली तर चेकपॉइंट (मेल्यावर पुन्हा सुरू होतं ती जागा) पुढे आणा.

आर्ट बसवताना ग्रेबॉक्सचे कोलायडर (कॅरेक्टर ज्यांना धडकतं किंवा ज्यांवर उभं राहतं ते आकार) तसेच ठेवा, फक्त ठोकळे अदृश्य करा. खडकाच्या मॉडेलला त्याच्या हुबेहूब आकाराचा मेश कोलायडर लावला की मोजूनमापून ठेवलेल्या कडा बदलतात आणि कॅरेक्टर खाचांत अडकतं. जिन्याखाली मात्र सरळ उताराचा कोलायडर घाला. युनिटीच्या कॅरेक्टर कंट्रोलरची (कॅरेक्टर हलवणाऱ्या भागाची) स्टेप ऑफसेट, म्हणजे आपोआप चढता येणारी पायरीची उंची, मुळात ०.३ मीटर असते, त्यामुळे त्याहून उंच पायरी चढताच येत नाही, आणि लहान पायऱ्यांवर कॅमेरा प्रत्येक पावलाला हिसका देतो.