जुना सीटी नव्याशी जुळवताना: या कामात येणाऱ्या मुलांसाठी

फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग करून किरणोपचाराकडे वळणारी मुलं विचारतात, रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन स्कॅन एकमेकांशी जुळवणं, शिकायला सुरुवात कुठून करायची? मी सांगतो, तोंडाच्या कॅन्सरपासून. आपल्या नागपुरात चौकाचौकात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मिळतो, त्यामुळे असे पेशंट इथे कमी नाहीत. शिवाय उपचार चालू असताना शरीर किती बदलतं, हे त्यांच्या सीटीत फार स्पष्ट दिसतं.

डोकं हलू नये म्हणून मास्क घालून, किरण कसे द्यायचे ते ठरवण्यासाठी प्लॅनिंगचा सीटी निघतो. मग साधारण ३० ते ३५ फ्रॅक्शन (किरणांच्या बैठका), म्हणजे सहा-सात आठवडे. तोंड सोलवटतं, जेवण तुटतं, वजन उतरतं आणि मास्क सैल पडतो. गाठ आक्रसते. कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथी लहान होऊन आत, जास्त डोसकडे सरकतात. जुनाच प्लॅन चालू ठेवला तर त्यांना ठरवल्याहून जास्त डोस बसू शकतो, आणि मग तोंडाचा कोरडेपणा वर्षानुवर्षं छळतो. म्हणूनच नवा सीटी जुन्याशी जुळवायचा, जुने कंटूर (गाठ आणि अवयवांभोवती काढलेल्या सीमारेषा) नव्यावर आणायचे आणि डोस पुन्हा मोजायचा.

रिजिड रजिस्ट्रेशन चित्र फक्त सरकवतं आणि फिरवतं. मानेचा बाक बदलला की ते अपुरं पडतं. डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशन चित्र ताणतं-दाबतंही; त्यात व्हॉक्सेलगणिक, म्हणजे स्कॅनच्या प्रत्येक बारीक घनाची, वेगळी हालचाल असते. इथे सावध राहा. गाठीचा जो भाग विरघळूनच गेला, त्याला नव्या सीटीत जोडच नसते. तरी अल्गोरिदम शेजारचं मांस ताणून ती जागा भरतो, आणि पडद्यावर सगळं छान जुळलेलं दिसतं! अशा जागी जुन्या-नव्या सीटीवरच्या डोसची बेरीज करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथला कंटूर डॉक्टरांनीच पाहून काढावा.

रजिस्ट्रेशनच्या तपासणीसाठी एएपीएमचा, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा, २०१७चा टीजी-१३२ अहवाल वाचाच. खुणेच्या बिंदूंमधली चूक २-३ मिमीच्या आत हवी. जॅकोबियन (एखाद्या जागेचं आकारमान किती पट झालं ते सांगणारा आकडा) ऋण आला तर ऊतकाची स्वतःवरच घडी पडली, असा अर्थ. प्रत्यक्षात तसं होत नाही. सरावाला थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. डीआयआर-लॅब या संग्रहातल्या फुफ्फुसांच्या सीटीवर तज्ज्ञांनी बिंदू लावून ठेवलेत, त्यांच्याशी आपलं उत्तर ताडून पाहता येतं.

हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट व्हायचं असेल तर एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) मान्य शिक्षण लागतं, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) एक वर्षाचा डिप्लोमा हा त्यातला जुना रस्ता. सॉफ्टवेअरकडे जाणाऱ्यांना ही अट नाही. पण त्यांनीही तुकडोजी चौकातल्या किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात परवानगी काढून डॉक्टर कंटूर कसे काढतात ते बघावं, आणि मगच कोड लिहायला बसावं.